मिस्टर कॉय यांच्या नावेतली मागची खुर्ची

हार्पर्स बेंड, अलाबामा
रविवार, चर्च आणि जेवण आटोपून

ती. सौ. इमोजीनताईस,

धाकट्या वर्लीनचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेतून जो आवाज आला तो कागदावर उतरवता येत नाही. आपल्या मागच्या अंगणातलं गंजकं फाटक आठव, म्हणजे कल्पना येईल.) भावोजींचा गुडघा आता जिने चढू देतो का? अंजिरांवर यंदा पाखरांची धाड आली की तू जाळी टाकलीस? इकडे मी ठणठणीत आहे. नाक तेवढं सोललंय, पण त्याचं कारण पुढे ओघात येईलच, आणि ओघ म्हणजे माझा ओघ, तेव्हा तू आधी चहा करून घे आणि मग वाचायला बस.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पहिल्यांदा उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग पोर्चवर जाऊन पुन्हा एकदा वाचलं, कारण बाहेर तुझा आवाज जरा कमी चढा वाटेल अशी आशा होती. वाटला नाही. फ्लॉसीनं तुला कळवलं की आपली वर्लीन वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, भल्या पहाटे, पुरुषी विजार घालून, परक्या माणसाच्या नावेत बसून तलावात जाते. ताई, आपल्या या चुलतबहिणीबद्दल माझं एकच गाऱ्हाणं आहे, की ती जे सांगते ते सगळं खरं असतं. फक्त ‘परक्या माणसाच्या’ असं नको होतं, ‘परक्या माणसांच्या’ असं हवं होतं, कारण दर वेळी माणूस वेगळा असतो. हे वाचून तुझा चहा सांडला असेल तर पुसून घे. यात भानगड काही नाही. ही बास मासे गळानं धरायची स्पर्धा आहे आणि तिचे नियम छापील आहेत.

आता ते नियम सांगते. आपल्या तलावावरच्या बास क्लबात दोन जाती. एक नाववाले आणि दुसरे नाव नसलेले. मी दुसऱ्या जातीची. (आपल्या भाषेची गंमत अशी की ‘नाव नसलेली’ म्हटलं की होडीही नाही आणि नावलौकिकही नाही, असा दोन्हीचा एका झटक्यात निकाल लागतो.) स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आगीच्या बंबखान्यात सगळे जमतात आणि आमिषाच्या जुन्या बादलीतून चिठ्ठ्या काढतात. नाव नसलेल्याला ज्या नाववाल्याची चिठ्ठी येईल त्याच्या नावेत मागच्या खुर्चीवर त्यानं दिवसभर बसायचं. नाव कुठे न्यायची, कुठे थांबवायची, कधी हलवायची, सगळं पुढचा ठरवणार. पुढचा आधी गळ टाकणार, आणि त्याच्या गळाला जे मासे फसले नाहीत ते मागच्याला मिळणार. पंगतीच्या शेवटच्या पानावर जे आणि जेवढं येतं, ते आणि तेवढं. पुढच्यानं पाच मासे आणायचे, मागच्यानं तीन, जिवंत, टाकीतल्या पाण्यात सांभाळून, आणि पंधरा इंचांहून आखूड मासा जागच्या जागी सोडून द्यायचा. तीन वाजता धक्क्यावर वजन. उशीर झाला तर पुढच्याच्या वजनातून मिनिटाला एक पौंड कापतात.

तू विचारलंस की हे खूळ डोक्यात शिरलं कसं. तुला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले. एकतीस वर्षं माणसं माझ्याशी बोलत होती. तिकीट एक घ्यायची आणि पित्ताशयाची हकीकत अथपासून इतिपर्यंत सांगायची. मी ऐकत असायचे आणि त्यांच्या खांद्यावरून समोरच्या काचेतून तलावाची एक चिंचोळी पट्टी दिसायची तिच्याकडे पाहत असायचे. निवृत्त झाल्यावर आईच्या आजारपणात तीन वर्षं गेली, तीही बोलकीच होती, देव तिला शांती देवो आणि तिच्या शेजारच्यांनाही. ती गेली आणि घर गप्प झालं. पण ताई, घरातली शांतता निराळी असते, ती आपल्याकडे टक लावून बघत असते. मग एकदा वाचनालयाच्या फळ्यावर क्लबाचा कागद दिसला, ‘नाव नसलेल्यांनाही प्रवेश’, आणि मला एकाएकी वाटलं की आठ तास पाण्यावर, पाठमोऱ्या माणसाच्या मागे, काहीही न बोलता बसायचं, आणि वर त्याला स्पर्धा म्हणायचं, असं सुख पृथ्वीवर कुणीतरी योजून ठेवलंय आणि मला कुणी सांगितलंच नाही.

माझी पहिली स्पर्धा एप्रिलात झाली. चिठ्ठीत ब्रँटली आला, तो विमा विकणारा, तिशीतला. त्याच्या सदऱ्यावर इतक्या कंपन्यांची नावं होती की दिवसभर मला वाचायला काहीतरी मिळालं. मी माझ्या परीनं तयारीनं गेले होते. गळाच्या सात काठ्या, घडीची खुर्ची, छत्री, पिमेंटो चीजची सँडविचं, चादर आणि आईची ती दफनाला घालायची गवती टोपी. ब्रँटलीनं सामानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीनं विचारलं की बाई, आपण परत यायचंय ना? दोन काठ्या आणि सँडविचं तेवढी नावेत आली. टोपी मी डोक्यावरच ठेवली होती म्हणून ती सामानात धरली गेली नाही. पण बंदुकीचा बार झाला आणि ब्रँटलीनं इंजिन असं काही सोडलं की गाल कानांमागे गेले, डोळ्यांतलं पाणी आडवं वाहू लागलं आणि टोपी उडाली. मी मागे वळून पाहिलं तर ती पाण्यावर उताणी पडून हळूहळू गिरक्या घेत चालली होती, आईच्या मानानं फारच निवांत. मला तिचा हेवाच वाटला.

त्या दिवशी मी पहिला गळ टाकला तो ब्रँटलीच्या टोपीत अडकला, दुसरा एका झाडात आणि तिसरा बरोबर पाण्यात पडला, पण हात सुटून त्याच्यामागोमाग काठीही पाण्यात गेली. त्यानंतर तो मला म्हणाला की वर्लीनबाई, तुम्ही जरा वेळ नुसतं बघा, बघूनही शिकता येतं. मी आनंदानं बघू लागले, फक्त त्याच्याकडे नाही. आणि मग दहाच्या सुमाराला तोच प्रश्न उभा राहिला जो तुझ्या लग्नात ऐन शपथेच्या वेळी उभा राहिला होता. (त्या वेळी तू रागावलीस, पण मूत्राशयाला मुहूर्त कळत नाही.) ब्रँटली बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं मला एका इवल्याशा बेटावर उतरवलं, तीन झाडं आणि थोडं गवत. मी झाडांमागून परत येईतो त्याच्या गळाला मोठा मासा लागला होता, मासा ओढत होता, नाव सरकत होती, आणि दोघंही वळणापलीकडे दिसेनासे झाले. पाऊण तास तो मला विसरला. ताई, मला अजिबात राग आला नाही, कारण मीही त्याला विसरले होते. समोर उथळ पाण्यात एक राखी बगळा एका पायावर उभा होता, आणि तो मला जो दिसला, म्हणजे पुरता, चोचीपासून पाण्यातल्या सावलीपर्यंत, तसं एकतीस वर्षांत मी काहीच पाहिलं नव्हतं. पाणी हलायचं तेव्हा बगळ्याची सावली हलायची आणि बगळा मात्र नाही. मी गवतावर बसून राहिले. माझी सँडविचं नावेत गेली होती तीही आठवली नाहीत. ब्रँटली धापा टाकत परत आला तेव्हा मी त्याला विचारलं म्हणे, की तू कोण? (हे तो बंबखान्यात सगळ्यांना सांगतो. मला आठवत नाही.)

मासे शून्य. पण घरी आले ती तरंगत आले.

आता दुसरी स्पर्धा, कालची. नाकाचं कारण तिच्यात आहे, आणि जे सांगायला मी एवढा कागद खर्च करते आहे तेही तिच्यातच आहे. शुक्रवारी चिठ्ठी उघडली तर मिस्टर कॉय लेडबेटर. बंबखान्यात कुजबुज झाली. हे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, लाकूड गिरणीतून निवृत्त झालेले, आणि ही स्पर्धा त्यांनी अकरा वेळा जिंकलेली. त्यांच्या मागे बसायला मिळावं म्हणून माणसं प्रार्थना करायची. पण यंदा कुजबुजीचा सूर निराळा होता. म्हातारा मंदावला, मार्चात शेवटून दुसरा आला, आता त्यानं सोडावं, असा. मिस्टर कॉय कोपऱ्यात उभे होते. त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला, म्हणजे मी होते त्याच्या किंचित डावीकडे केला, तिथं बंबाचा नळ होता. मला वाटलं, लाजाळू आहेत.

पहाटे तलावावर धुकं असं उतरलं होतं की नावेचं एक टोक दिसलं तर दुसरं विश्वासानं मानावं लागत होतं. बाकीचे सगळे इंजिनं गर्जत निघून गेले आणि त्यांच्या लाटा येऊन आम्हाला झुलवून गेल्या, मग तेही थांबलं. मिस्टर कॉय इतके सावकाश निघाले की बदकं आम्हाला मागे टाकून गेली. पाऊण तास असा कापसातून चालल्यासारखा गेला. मी मनात म्हटलं, किती सज्जन माणूस, माझ्या टोपीची काळजी घेतोय. (नवी टोपी, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली.) मग ते मान तिरकी करून काहीतरी ऐकू लागले आणि शांतपणे म्हणाले की आता आपण मेन स्ट्रीटवर आलोय.

तुला आठवत नसेल, आपण या गावात त्यानंतर आलो, पण जुनं हार्पर्स बेंड या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा मिस्टर कॉय दहा वर्षांचे होते. त्यांनी पाण्यावर बोट दाखवत मला अख्खं गाव दाखवलं. इथं न्हाव्याचं दुकान, इथं चाऱ्याचं गोदाम, इथं त्यांच्या आजीचा ओटा, जिथं बसून ती वाटाणे सोलायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा उद्धार करायची. मेथॉडिस्ट चर्चच्या पायऱ्या अजून आहेत म्हणाले, चौदा फूट खाली, आणि बास माशाला पायरी फार आवडते, सावलीत बसता येतं आणि वरून जाणाऱ्याला पकडता येतं. अगदी आजीसारखं. आम्ही त्या पायऱ्यांवर गळ सोडून बसलो. खाली एक गाव, वर धुकं, मधे आम्ही दोघं आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ताई, मी गळाकडे बघत नव्हते. मला वाटत होतं की खाली कुणीतरी खिडकी उघडली तर आमच्या नावेचं बूड त्याला ढगासारखं दिसेल. अशा विचारात असताना माझी काठी वाकली. मी इतकी दचकले की ‘पुढचे ग्राहक, या’ असं म्हणाले. पण मासा आला वर, माझा पहिला, हिरवट, चमकता, माझ्याइतकाच चकित. सव्वापंधरा इंच. मिस्टर कॉय यांनी तो हातात घेऊन त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि आशीर्वाद दिल्यासारखा टाकीत सोडला.

ते मला शिकवत होते असं मी समजत होते. आमिषाचा रबरी किडा हातात देऊन विचारायचे की वर्लीनबाई, याचा रंग सांगा बरं, आणि मी परीक्षेला बसल्यासारखी सांगायची, जांभळा, शेपटाशी हिरवा. गाठी मलाच मारायला लावत होते, बोटं आखडतात म्हणून. मी मारलेली पहिली गाठ त्यांनी ओठांनी चाचपली आणि म्हणाले की ही पोस्टाची गाठ आहे, मासा मॉन्टगोमेरीपर्यंत पोचेल पण सुटणार नाही. मला फार अभिमान वाटला.

दहाला धुकं विरलं. असं एकदम नाही, आधी झाडांचे शेंडे आले, मग झाडं, मग त्यांच्याखालचं पाणी, आणि मग सूर्य असा काही आला की अकरा वाजेपर्यंत माझं नाक भाजून निघालं. तलाव लखलखत होता, पैलतीरावरच्या घरांच्या खिडक्या मोजाव्यात इतका स्वच्छ. आणि मिस्टर कॉय गळ टाकून, समाधानानं उसासा सोडून म्हणाले की आज धुकं काही हटायचं नाव घेत नाही, नाही का? बरंय. मला असं धुकं आवडतं.

मी शेंग सोलत होते ती तशीच हातात राहिली. सावकाश चालणारी नाव, रंगांची परीक्षा, गाठी, बंबाच्या नळाला केलेला नमस्कार, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, पोस्टाच्या खिडकीपुढे उभं राहावं तसं. माणूस धुक्यात बसला होता आणि ते धुकं तलावावर नव्हतं.

त्यानंतर तासभर मी कशी बसले असेन ते तूच समज. एकीकडे वाटे, हा माणूस नाव चालवतो, मागे दुसऱ्याला बसवून, वाटेत झाडांचे बुंधे आहेत, हे सांगायला हवं. क्लबाचा अध्यक्ष विलार्ड नियमानं त्यांना त्याच दिवशी घरी बसवेल. दुसरीकडे वाटे, घरी म्हणजे कुठे? त्यांचं घर तर इथं होतं, चौदा फूट खाली, त्याचा रस्ता त्यांना डोळे मिटून येत होता. आणि याच तासात त्यांनी चार मासे काढले. डोळसांना तिथं एक मिळाला नसता.

पाचवा लागला तो आधीच्या चारांपेक्षा हलका, पण पाचवा होता, आणि पाच झाले की यंदाचं पहिलं बक्षीस जवळजवळ हातात होतं. त्यांनी मोजपट्टी माझ्याकडे दिली, तुम्हाला सवय होईल म्हणून. मी मासा पट्टीवर ठेवला. पावणेपंधरा. शेपूट दाबली, जबडा मिटला, पुन्हा पावणेपंधराच. ताई, पाव इंच म्हणजे किती? नखाएवढा. मी पंधरा म्हटलं असतं तर या जगात कुणाला कळलं असतं? नंतर धक्क्यावर विलार्डच्या पट्टीवर कळलं असतं म्हणा, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही, मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, माझ्या किंचित डावीकडे वळलेला. मी म्हटलं, “पाव इंच आखूड आहे, मिस्टर कॉय.”

त्यांनी मासा घेतला, पाण्यात सोडला, हात विजारीला पुसले.

“बरोबर,” ते म्हणाले. “माझ्या हाताला पावणेपंधराच लागला होता.” मग म्हणाले, “धुकं कधी विरलं, वर्लीनबाई?”

“दहाला.”

“म्हणजे तुम्हाला तासाभरापूर्वीच कळलं.” ते हसले, पण ते हसू मला अजून डोळ्यांपुढून हलवता येत नाही. “विलार्डला सांगणार?”

मी म्हटलं की सांगणार नाही, पण एका अटीवर. परत जाताना नाव मी चालवणार. त्यांनी विचारलं की यापूर्वी काय चालवलंय, आणि मी खरं ते सांगितलं, की रजेवरच्या पोस्टमनच्या जागी टपालाची जीप, वर्षातून दोन आठवडे. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाले की टपालाच्या जीपचं स्टिअरिंगचं चाकही उजवीकडे, नावेचंही उजवीकडे, आणि उठून त्यांनी मला जागा दिली. साठ वर्षांत त्या जागेवर त्यांच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. त्यांची बायकोसुद्धा नाही.

दुपारी आणखी दोन तास प्रयत्न झाला, पाचवा मासा काही आला नाही. सव्वादोनला आम्ही निघालो. मी बघत होते आणि ते आठवत होते. ते म्हणायचे, शाळा आली की डावीकडे, आणि मी म्हणायचे, शाळा मला दिसत नाही, आणि ते म्हणायचे, मलाही नाही, पण गालाला गारवा लागेल, तिथं खोल आहे. आणि लागायचा. बुंधे दिसले की मी सांगायचे. असे आम्ही दोघं मिळून एक बऱ्यापैकी नावाडी झालो होतो. वेळेत पोचलोही असतो. पण गिरणीच्या वळणाशी उथळ पाण्यातून पांढऱ्या बगळ्यांचा थवा उठला, साठसत्तर तरी असतील, आणि माझा हात आपोआप इंजिनावरून ढिला झाला. तुला माहीतच आहे, मी अशी मधेच थांबते. मिस्टर कॉय यांनी घाई केली नाही. काय आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा सांगा, सावकाश. मी सावकाश सांगितलं, पाय कसे मागे लांबवलेत, पंखांखालून ऊन कसं येतंय, पाण्यावर त्यांचा दुसरा थवा उलटा कसा उडतोय. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मनगटावर बोलकं घड्याळ होतं, त्यानं दोन वाजून पन्नास मिनिटं झाल्याचं सांगितलं, ते त्यांनी ऐकलं, आणि तरी विचारलं की उतरले का ते, आणि कुठे?

मग मात्र मी इंजिन सोडलं. ब्रँटलीसारखं सोडलं. आणि थांबवायचं कसं हे विचारायचं राहून गेल्याचं धक्का समोर दिसल्यावर लक्षात आलं. नाव उतारावरून वर गेली, गवतावरून गेली आणि सॉसेजच्या टेबलापाशी जाऊन मोहरीच्या बाटलीला हलकेच टेकली. दीडशे माणसं घास हातात धरून उभी होती. विलार्डच्या हातात ध्वनिक्षेपक होता आणि तो चालू होता.

“वर्लीनबाई,” तो म्हणाला, “नाव पाण्यात ठेवायची असते.”

मिस्टर कॉय शेजारून उतरले, गवत पायानं चाचपून, अगदी ऐटीत. सगळे विचारायला लागले की चाक बाईंच्या हाती कसं? ते म्हणाले की साठ वर्षं पुढे बसून कंटाळा आला, शेजारी बसून कसं दिसतं ते बघायचं होतं. बघायचं होतं म्हणाले, ताई, आणि चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

तीन मिनिटं उशीर, तीन पौंड गेले. नाही तर चार माशांवरही पहिले आले असते, आले ते पाचवे. मी नाव नसलेल्या पंधराजणांत तेरावी, आणि उरलेल्या दोघांकडे मासाच नव्हता. तरी माझा मासा काट्यावर चढला तेव्हा टाळ्या पडल्या. एक पौंड चौदा औंस. (हा आकडा फ्लॉसीला कळव. तिच्याकडून वाढून परत येईल.)

तर ताई, आता तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्याकडची मागची खोली रंगवून घेतलीस, पडदे लावलेस, मी येऊन तुमच्यात राहावं म्हणतेस. पडदे सुंदर असणार यात शंका नाही. पण मला आता त्या खोलीत जे दिसेल त्यापेक्षा मागच्या खुर्चीवरून जास्त दिसतं. नाताळात येईन, आठ दिवस राहीन, बोलायला लागलीस तर ऐकेनसुद्धा. माझी काळजी करू नकोस. मला कशाचीही गरज नाही आणि कुणाकडे काही मागायचंही नाही. भावोजींना नमस्कार, अंजिरांना जाळी.

तुझी धाकटी,
वर्लीन

ता. क. तुझं लोणच्याचं मिश्रण मिळालं. काकड्या घातल्या आहेत. बरणीचं झाकण फुगल्यासारखं दिसतं, ते फुगायचंच असतं ना?

आणखी ता. क. वर ‘काही मागायचं नाही’ असं लिहिलंय ते जरा खोडून वाच. भावोजी चाळीस वर्षं लोकांचे मोतीबिंदू काढताहेत. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी मिस्टर कॉय यांना घेऊन मॉन्टगोमेरीला भावोजींच्या दवाखान्यात येते. अडचण एवढीच, की मिस्टर कॉय डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवत नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा फार पूर्वी अशाच एका शस्त्रक्रियेत गेला, आणि विषय काढला की म्हणतात, बघण्यासारखं होतं ते मी बघून ठेवलंय. पण ताई, बगळे त्यांनी दोनदा सांगायला लावले. म्हणून काल घरी सोडताना मी त्यांना सांगितलं, आणि आज चर्चच्या पायऱ्यांवर पुन्हा सांगितलं, की माझ्या भावोजींना नावेचं एक जुनं इंजिन विकायचंय. तेव्हा गुरुवारपर्यंत भावोजींनी कुठून तरी एक इंजिन पैदा करून दवाखान्यात ठेवावं, खुर्च्यांच्या मागे चालेल. भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याला इंजिनाचं माहितीपत्रक म्हणता येईल का तेही विचार. वरच्या ओळीत कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरांत दोष.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करणार एवढ्यात मिस्टर कॉय पोर्चवर आले, शेंगा घेऊन. जुन्या गावाचे तपशील चुकले नाहीत ना म्हणून मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, अर्थात वरचा ता. क. गाळून. त्यांनी पूर्ण ऐकलं. न्हाव्याचं दुकान डावीकडे नव्हे, उजवीकडे, एवढीच दुरुस्ती सुचवली. (मी डावीउजवी लिहिलीच नव्हती, पण त्यांचं समाधान झालं.) मग विचारलं की शेवटचा एक कागद न वाचता उलटला तो कसला? मी म्हटलं, लोणचं. ते थोडा वेळ शेंगा सोलत बसले आणि म्हणाले, “तुमच्या डॉक्टर भावोजींना लिहा, इंजिन शोधत हिंडू नका. काल तुमचं ते इंजिन पंधरा घोड्यांच्या ताकदीचं होतं, आज सकाळी चाळीसचं झालं, तेव्हाच मी ओळखलं की ते डोळ्यांचं असणार. गुरुवारी दहाला येतो म्हणावं. पण मॉन्टगोमेरीपर्यंत गाडी कोण चालवणार? तुम्ही चालवणार असाल तर बगळे दिसले की थांबायचं नाही.”